विंचूरला मी का जेवलो नाही

सिडको, नाशिक
रविवार, जेवणानंतरची शंभर पावलं झाल्यावर

ती. बायडाअक्कास धाकट्या भावाचा, शेखरचा, वाकून नमस्कार. दाजींचे गुडघे कसे आहेत? कळवणला थंडी पडली असेल, त्यांना पहाटे मळ्यात जाऊ देऊ नकोस. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. निकिता चार दिवस माझ्याशी बोललेली नाही.)

माझ्या पोटाचं तुला अर्धवट माहीत आहे. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, रक्त तपासलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि आजाराचं नाव आयबीएस निघालं. आजार आहे पण दिसत नाही, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांना ते माझं नाटक वाटतं. शेवटी तुझी भावजय स्नेहल मला डॉ. तबस्सुम यांच्याकडे घेऊन गेली. त्या आयुर्वेदाच्या. त्यांनी औषध थोडं दिलं आणि शिस्त भरपूर लावली. ठरल्या वेळी मुगाची खिचडी, जिरं-सुंठ घातलेलं ताजं ताक, कोमट पाणी, मिसळ बंद, जेवताना मोबाइल बंद आणि काळजीही बंद. (मोबाइलला बटण असतं.) पण अक्का, खरंच गुण आला. तीन महिन्यांत एक अख्खा मंगळवार असा गेला की मला पोटाची आठवणच झाली नाही. संध्याकाळी ते लक्षात आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. त्या मंगळवारापासून मी शिस्तीचा जरा जास्तच भक्त झालो, आणि तिथेच माती खाल्ली.

निकितासाठी विंचूरचं स्थळ आलंय. मुलाचं नाव हर्षल, घरचा कांद्याचा व्यापार. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, आम्ही फक्त घर बघायला गेलो. आपल्यातली रीत तुला माहीतच आहे. स्थळ पसंत असलं की जेवून उठायचं, नसलं की चहावर भागवायचं. तिथे पुरणपोळी आणि काळ्या मसाल्याचं सार तयार होतं. आणि मी काय केलं? चहा नाकारला, कोमट पाणी मागितलं आणि पिशवीतून स्वतःच्या ताकाची बाटली काढली. हर्षलचे वडील म्हणाले, "पाव्हणं, दोन घास तरी घ्या, नायतर आम्ही काय समजायचं?" त्या आग्रहानेच पोटात कळ आली. मी दोनदा उठून आत गेलो. दुसऱ्या वेळी इतका वेळ लागला की मी आत बसून दुसऱ्या स्थळाला फोन लावतोय, असं त्यांना वाटलं. परवा मध्यस्थ दिनेशचा निरोप आला, "स्थळ पसंत नसेल तर तसं सरळ सांगा."

खरं कारण मी दिनेशलासुद्धा सांगू शकलो नाही. शुगर आहे, बीपी आहे, हे माणूस चारचौघांत ऐटीत सांगतो. पोटाचं सांगायला जीभ वळत नाही. या आजारात दुखण्यापेक्षा लपवण्यातच जास्त दमायला होतं. डॉ. तबस्सुम म्हणतात, "काका, पथ्य उत्तम चाललंय, पण ही लाज तुम्ही रोज खाताय."

दाजींना नमस्कार, घरातल्या पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शेखर

ता. क. : तू एकदा विंचूरला जाऊन ये. पोटभर जेव आणि माझ्या पोटाचं त्यांना सांग. बाईमाणसाने सांगितलं तर पटेल.

ता. क. २ : खरं मागणं हे आहे. लग्न जमलंच, तर कन्यादानाला तू आणि दाजी बसा. पाटावर एवढा वेळ बसणं मला जमेल असं वाटत नाही. हे निकिताला कळू देऊ नकोस.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आत निकिताने पत्र वाचलं. वाचून थेट फोटो काढून हर्षलला पाठवलं. त्याच्या आईने पुन्हा जेवायला बोलावलंय, या वेळी खिचडीला. मला पोरगी एवढंच म्हणाली, "पप्पा, मधेच उठावं लागलं तर खुशाल उठा. भटजींना मी थांबवते. पण तुमच्या जागेवर दुसरं कुणी बसायचं नाही." तेव्हा विंचूरला जाऊ नकोस. लग्नात मात्र माझ्या जवळ थांब. मी उठलोच, तर लोकांना सांग, नवरीचा बाप आत रडायला गेलाय. बहुधा तेही खरंच असेल.