ड्रायव्हर, ए.टी.

११ जानेवारी २००४, रविवार

यांची लोखंडी पेटी अजून पुढच्या खोलीत मधोमध. माझा अंगठा दोनदा ठेचला. पलंगाखाली सरकवा म्हटलं. ‘सरकवतो’ म्हणाले आणि तिच्यावरच बसून चहा प्यायले. फौजेतून पेन्शनीवर आले, वर्दी गेली, तरी दुकानात जायचं तर विचारतात, ‘जाऊन येऊ का?’ कुणाला विचारतात कोण जाणे. मला विचारत असतील तर मला आवडतं.

सकाळी दूधवाला म्हणाला, ‘भाऊ आले वाटतं.’ मी म्हटलं, ‘हो, सुट्टीवर आलेत.’ जिभेला वळणच पडलंय. लग्न झाल्यापासून हा माणूस मला सुट्टी-सुट्टीनं मिळाला, सलग कधी नाही. हे नळावर तोंड धूत होते. ऐकलं असणार.

१३ जाने., मंगळ.

हे सु.सा.कडे जाऊन आले. सु.सा. म्हणजे सुभेदार साहेब. रिटायर झाल्यावर जालना रोडला सिक्युरिटी एजन्सी काढलीय. माणूस चांगला, पण त्यांच्या दुकानात फौजी दोनच प्रकारचे. हत्यारी आणि बिनहत्यारी. स्वतःच्या नावावर बंदूक असली तर हत्यारी, बँकेच्या दारात उभं राहायचं. नसली तर बिनहत्यारी, मिळेल त्या दारात. हे बिनहत्यारी. जागा इथं नाही, पुण्याकडे. राहायला खोली देतात. दोन महिन्यांनी घरी यायला सुट्टी.

पुन्हा सुट्टी!

यांनी सांगून पाहिलं, ‘साहेब, मी पहारा कमी केला. माझं काम माल पोचवायचं.’ सु.सा. म्हणाले, ‘आरं बाबा, भायेरच्या लोकाला तेवढं कुठं कळतं. फौजी म्हटलं की त्यांना मिशा अन् दांडका दिसतो.’

यांना तर मिशाही नाहीत.

जेवताना मी बोलून टाकलं. मला पुणं नको. मला हा माणूस इथं, गारखेड्यात, संध्याकाळी घरी हवाय. आमच्या पोरीची, स्वातीची, दहावी आहे म्हणून नाही. मला हवाय म्हणून. स्वाती ताटात बघत राहिली. हे पण.

२० जाने., मंगळ.

वाळूजला एका कंपनीत भरती होती, तिथं गेले होते. आल्यापासून ओठाच्या कोपऱ्यात हसतायत. पोळ्या लाटता लाटता सगळं काढून घेतलं.

गेटवरच फौजींची रांग वेगळी. त्या रांगेला टेबल एकच, सिक्युरिटीचं. एक तरुण साहेब कागद चाळत होता, यांच्या कागदावर थांबला. ‘अहो, तुम्ही ड्रायव्हर! मग या रांगेत कशाला? इकडं या.’ आणि वेगळ्या खोलीत नेलं.

‘डोंगरात चालवलंय?’
‘सगळी नोकरी डोंगरातच.’
‘बर्फात?’
‘व्हय.’
‘ॲक्सिडेंट?’
‘एकदा दरीकडं घसरला होता. दोर धरून ठेवला, चौघांनी मिळून वर काढला. दोन दिवस काय खाल्लं नाय त्यानं.’

साहेब हसला म्हणे. त्याला वाटलं, फौजी माणूस, गमत्या आहे.

‘मेंटेनन्स कोण करायचं?’
‘मीच की. सकाळ-संध्याकाळ मालिश.’

साहेब म्हणाला, असाच माणूस पाहिजे, गाडीवर जीव लावणारा. शेजारच्या क्लार्कला म्हणाला, ‘ड्रायव्हर, ए.टी. म्हणजे ऑल टाइप. सगळ्या गाड्या. लिही.’ स्टाफची बस. दिवसपाळी. अंधार पडायच्या आत घरी. चार फेब्रुवारीला ट्रायल, तोवर फौजेचं लायसन इकडचं करून घ्या.

माझं लाटणं थांबलं. ‘अहो, पण तुम्ही तर खेचर...’

‘व्हय.’

‘मग सांगितलं नाही?’

‘कागदावर लिहिलंय की. ए.टी. ॲनिमल ट्रान्सपोर्ट. त्यांनी वाचलं, मान हलवली. मला वाटलं कळलं. बस म्हणाले तवा उजेड पडला.’

‘तेव्हा तरी बोलायचं.’

‘तवर पुढच्याला हाक मारली होती.’

हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी. स्वाती धावत आली, काय झालं काय झालं करत. ज्याला सायकल धड येत नाही तो ऑल टाइप! मग एकदम हसू गेलं. ‘अंधार पडायच्या आत घरी’ एवढंच डोक्यात राहिलं. पोळी करपली.

२२ जाने., गुरु.

मी म्हटलं, गप्प राहा. तुम्ही कुठं खोटं बोललात? त्यांनी वाचलं, त्यांनीच चुकीचं लावलं. आधी आत शिरा. ट्रायलच्या दिवशी ताप आला म्हणा. एकदा माणूस आत गेला की कुठंतरी बसवतात.

हे बराच वेळ बूट पुसत होते. मग म्हणाले, ‘अन् हिऱ्याला काय म्हणू? ट्रक?’

हिरा म्हणजे यांचं खेचर. शेवटची कितीतरी वर्षं तोच होता. वर चौकीला रॉकेल, पीठ, टपाल, सगळं त्याच्या पाठीवर. यांच्या पाकिटात दोन फोटो, एक स्वातीचा, एक हिऱ्याचा. माझा का नाही, असं एकदा विचारलं होतं. म्हणाले, ‘तू पाठ आहेस.’

असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

२५ जाने., रवि.

तरी मी हटले नाही. माझी स्कूटी घेऊन मैदानावर गेलो. बस राहू दे, निदान चाकावर बसायला तर शिका. मी मागे धरून पळतेय आणि हे पाय खाली सोडून. अर्धं गारखेडा बघायला. स्वाती ओळख न दाखवता लांब उभी.

गाडी सुरू करताना हळूच म्हणतात, ‘चल बेटा, सामने देख.’ थांबवली की हँडलवर थाप. पेट्रोलच्या टाकीला गूळ चारत नाहीत एवढंच. पण तो आवाज! इतका मऊ आवाज मी यांच्या तोंडून फक्त झोपेत ऐकला होता, दुपारी, सुट्टीवर आले की. आज जागेपणी ऐकला. मला स्कूटीचा हेवा वाटला, लिहून ठेवते.

चढावर गाडी बंद पडली तर रागावले नाहीत. खाली उतरले, तिच्याबरोबर चालत वर नेली. मी म्हटलं, अहो, ॲक्सिलरेटर. म्हणाले, ‘दमली असंल.’

२७ जाने., मंगळ.

शेजारच्या शबानाभाभींना बरोबर घेऊन वरच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेले. त्यांना वाण घ्यायची हौस आणि मला सोबत. तिथं पुन्हा तोच प्रश्न, ‘मिस्टर सुट्टीवर का?’ आणि माझं पुन्हा, ‘हो.’ भाभींनी चिमटा काढला. बाहेर आल्यावर म्हणतात, ‘क्या मंगल, रिटायर हुए ना भाईजान? अब भी छुट्टी छुट्टी क्या लगाया?’ काय सांगू. सुट्टी म्हटलं की जाणार हे आधीच माहीत असतं, त्रास कमी होतो. कायमचे आले म्हणायचं आणि परवा पुण्याला पोचवायला स्टँडवर जायचं, ते मला झेपणार नाही.

परतताना आमच्या घरमालकीणबाईंचे यजमान त्यांच्या दारातच बसलेले. ‘कंपन्यांत माजी सैनिकांची नुसती खोगीरभरती चाललीय’ म्हणे. मी तिळगूळ न देताच आले.

घरी येऊन यांना सांगितलं, रागारागात. हे शांत. ‘बराबर बोलला की. खोगीरात भरती बरी नसली तर जनावराची पाठ सोलती. भरती लई महत्त्वाची.’

त्यांना अर्थ कळला नाही की कळून तसं म्हणाले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

३० जाने., शुक्र.

हे आज डबा द्यायला मी शिकवते त्या बालवाडीत आले. आमच्याकडे दोन गट, मोठा आणि लहान. पोरांनी घेरलं. ‘फौजीकाका, बंदूक कुठंय?’ बंदूक नाही म्हटल्यावर निम्मी पोरं उठून गेली. उरलेल्यांना हिऱ्याचा फोटो दाखवला. आमची आयेशा विचारते, ‘हे घोडा आहे का गाढव?’

‘दोन्ही नाय, बेटा. खेचर म्हंजे खेचर.’

‘मग ते कोणत्या गटात बसतं?’

सगळ्यांत आधी मी हसले. यांनी मात्र नीट विचार केला. म्हणाले, ‘जिथं चढ असतो ना, तिथं.’ आयेशाचं समाधान झालं. माझं नाही झालं, पण मला बरं वाटलं.

३ फेब्रुवारी, मंगळ.

उद्या ट्रायल. शर्टला इस्त्री केली. ‘ताप आला म्हणा’ म्हटलं नाही, ‘खरं सांगा’ही नाही. कॉलर दोनदा केली.

४ फेब्रु., बुध.

सांगून आले.

बस उभी होती म्हणे, पांढरी, नवी. ट्रान्सपोर्टचे सय्यद साहेब किल्ली घेऊन खाली उभे. हे पुढं झाले आणि म्हणाले, ‘साहेब, मी खेचर चालवलंय. बस नाय.’

सय्यद साहेब बसच्या पायरीवरच बसले. ‘खच्चर? या अल्ला.’ मला वाटलं हाकलून दिलं असेल. तर नाही. यांनाही बसवून घेतलं. त्यांचे वालिद, म्हणजे वडील, शहागंजला टांगा चालवायचे. घोडी कशी अडून बसायची, रेल्वेच्या शिट्टीला कशी बुजायची, सगळं निघालं. मागे ट्रायलवाले ताटकळत, हे दोघं जनावरांच्या गोष्टी करत बसलेले. सय्यद साहेबांनी म्हणे दोनदा विचारलं, ‘और हिरा अब किसके पास है?’ यांना त्याचं उत्तर माहीत नाही.

शेवटी सय्यद साहेब म्हणाले, ‘अब तुमको मैं किस खाने में डालूं, बताओ. सिक्युरिटी तुमको करनी नहीं, ड्रायव्हर तुम हो नहीं. फौजी का तीसरा खाना हमारे पास हैच नहीं.’

‘माल बांधता येतो साहेब. दोन्ही बाजू सारख्या.’

‘डिस्पॅच में पूछता हूं. वादा नहीं करता. दो-चार दिन में फोन करता.’ कागद ट्रेमध्ये नाही टाकला, घडी करून खिशात घातला. ते यांनी मला दोनदा सांगितलं.

राग आला मला. दोन भाकरी होईपर्यंत होता. तिसरीला गेला. चौथी जास्तीची केली, तूप लावून यांच्या ताटात टाकली. हे म्हणाले, ‘आज काय विशेष?’ म्हटलं, काही नाही, खा.

६ फेब्रु., शुक्र.

सु.सा.चा फोन. पुण्याची जागा फार दिवस धरता येणार नाही, रविवारी नक्की सांगायचं, सोमवारची बस. सय्यद साहेबांचा फोन नाही. पोरीचं शिक्षण, घरभाडं, नुसत्या पेन्शनीवर बसून भागणार नाही, ते आम्हा दोघांना कळतं.

मग पिशोरहून आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांना फोनवर ओरडायची सवय, सगळ्या खोलीला ऐकू गेलं. ‘पोरगं घराला आलंय तर राहू दे की गं चार दिस. कशाला पुन्यालं धाडती?’ मी धाडतेय! ऐकून हे गालात हसले आणि मग पेटीच्या कडीला तेल लावत बसले. कडी कुरकुरत होती, खरंय. पण आजच?

‘मंगल, काय सांगू सु.सा.ना?’

स्वयंपाकघरातून ऐकलं. ऐकू न आल्यासारखं केलं. एरवी घरातलं सगळं मी ठरवते, गॅसच्या नंबरापासून स्वातीच्या क्लासपर्यंत. हे मला ठरवता येत नाही. जा म्हणवत नाही, राहा म्हणायचा धीर नाही.

७ फेब्रु., शनि.

आज पहिल्यांदा स्कूटी यांनी चालवली आणि मी मागे बसले. बालवाडीपर्यंत. इतक्या हळू की दोन सायकली पुढे गेल्या. खड्डा आला की आधी सांगतात, ‘धर.’ मी धरलेलंच होतं.

फाटकाशी एक नवी आई उभी, पोराला पहिल्यांदा सोडायला आलेली. यांच्याकडे बघून हसली. ‘सर फौजेत ना? सुट्टीवर आलेत का?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘राहायला आलेत.’

तोंडातून गेलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. हे गाडी वळवत होते. वळवता वळवता थांबले, माझ्याकडे पाहिलं नाही, हँडलवर हलकी थाप मारली. ‘चल बेटा.’ गेले.

सकाळभर पोरांना काय शिकवलं देव जाणे.

दुपारी मी घरी आले. सय्यद साहेबांचा फोन नाही. सु.सा.ना उद्या सांगायचंय, काय सांगायचं ते अजून कुणी बोललेलं नाही. हे अंगणात स्वातीला गणित विचारतायत, म्हणजे तिच्याकडून शिकतायत.

पुढच्या खोलीत मात्र मी सरळ चालत आले, अंगठा कशाला लागला नाही. पेटी पलंगाखाली. पुरती आत नाही. एक कडी बाहेर राहिलीय.

ती मी पायानं आत ढकलली.