उशाखालचा चुंबक

ताई,

नमस्कार नंतर करतो, आधी हे सांग, मी डोक्याची काळजी घेत नाही असं तुला सांगितलं कोणी? डॉक्टरांनी आत नळी बसवल्यापासून ह्या डोक्याचे जेवढे लाड झालेत तेवढे तुझ्या पोरांचेही झाले नसतील. असो. तुम्ही सगळे मजेत असाल. दाजींचा गुडघा काय म्हणतो?

मी झकास. डोक्यातलं जादा पाणी नळीने पोटात उतरतं. मान वळवली की ओढ बसते, शिंकलं की पोटात टोचतं, आणि आभाळ भरून आलं की कपाळ ठणकतं. कारखान्यातले आता सोफे गाडीत चढवण्याआधी मलाच विचारतात, ताडपत्री टाकू का म्हणून.

परवाची भानगड मात्र माझी नाही. नळीला एक झडप असते, तिचा आकडा चुंबकाने बदलतो, म्हणून चुंबक लांब ठेवायचा. मी ठेवतोच. पण जेवणाच्या सुट्टीत नव्या सोफ्यावर जरा आडवा झालो, आणि सांडलेले खिळे गोळा करायचा मोठा चुंबक आमच्या मिस्त्रीने नेमका उशाखाली खुपसलेला. (हरवू नये म्हणून!) उठलो तर भिंती चालायला लागलेल्या. मिस्त्रीला वाटलं, मी ढोसलीय. म्हणाला, "तोंड उघड, वास दे." वास आला नाही तेव्हा तोच रडकुंडीला आला आणि मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून आकडा जागेवर आणला. तर हा मिस्त्री म्हणतो, "बाई, हात लागलाच आहे तर ह्याचा आळसही दोन आकडे कमी करा." अख्खी रांग हसली. मीही हसलो, पोट धरून (टोचतं म्हणून).

तुझा,
धाकटा

ता. क. आईला हसण्यापुरतंच वाचून दाखव.

ता. क. आणखी एक. तपासताना कळलं, नळीचं पोटाकडचं टोक तुंबलंय. पुढच्या सोमवारी उघडून बदलणार. घरचं माणूस हवं म्हणतात. मिस्त्री तयार आहे, नात्याच्या रकान्यात काय लिहू एवढंच विचारतो. पण ताई, मागच्या वेळी शुद्धीवर आलो तेव्हा तू कोणावर तरी खेकसत होतीस, त्यावरून कळलं की मी जिवंत आहे. मिस्त्रीला तसं खेकसता येत नाही. ये. परतीचं नंतर बघू, आत्ता फक्त येण्याच्या तिकिटाचे पाठवलेत, सोळाशे चाळीस.