सखूच्या नोंदीतला ‘न’

६ जाने.
आत्याची शेवटची वही टाइप करायला घेतली. तिला जाऊन वर्ष होईल. डाव्या पानावर जुन्या मोडी कागदाची झेरॉक्स, उजवीकडे तिच्या पेन्सिलीतली बाळबोध नक्कल. पानांना अजून तिच्या कापराचा वास.
दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत शाळा नाही. आत्या हीच शाळा. भैरवगढच्या छापाच्या चादरीवर पडल्या पडल्या तिच्यावर छापलेल्या वेलीवरून बोट फिरवायला लावायची. “हात उचलू नकोस. हा बघ, झाला क.” मोडी त्या चादरीवर शिकले. कुठे गेली ती चादर?

८ जाने.
आजचा कागद कोतवालीचा. शहरात नवे आलेले गरीब लोक. नाव, गाव, जामीन कोण. हमी घेणारं गावातलं कुणी नसेल तर दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर.
आठवी नोंद: सखू विणकरीण, दोन पोरे, जामीन नाही. पुढे आत्याने लिहिलंय, ‘राहू द्यावे’.
मला डावीकडच्या मोडीत ‘राहू न द्यावे’ दिसतंय. डोळे धुऊन आले, भिंग घेतलं. न आहेच.

९ जाने.
सकाळपासून तेच डोक्यात. एक वेलांटी चुकली तर पान परत लिहायला लावायची. “आहे तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही.” आणि तिनेच न गाळला?
दुपारी कमलाबाई आली, कोपऱ्यावर ठेल्यावर कपडे प्रेस करणारी. कॉलनीच्या समितीने तिला फॉर्म दिलाय. बाहेरून आलेल्यांसाठी इथल्या कुणाची तरी सही पाहिजे: ‘मैं इन्हें पाँच वर्ष से जानती हूँ।’ रविवारपर्यंत, नाहीतर ठेला उचला.
“दीदी, आप तो जानती हो ना मेरे को?”
ओळखते. पण दोनच वर्षं. फॉर्म ठेवून घेतला. हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

१० जाने.
बाबा म्हणाले, “अगं, कर ना साइन. कोण मोजायला बसलंय?”
“खोटं होईल.”
“बहिणीची माझ्या पक्की चेली! तिने पण अस्संच...” थांबले. मग सांगितलं.
देवास गेटजवळ राहायचो तेव्हा एक पापडवाली होती, दोन लेकरं. खोली मिळायला आत्याची सही हवी होती. आत्या म्हणाली, महिन्याभराची ओळख, कसं लिहू? बाई तिसऱ्या दिवशी पोरांना घेऊन निघून गेली. कुठे, कळलं नाही.
म्हणजे दर शनिवारी आत्या मला बसस्टँडवर न्यायची ते. मी जलेबी खायची, ती प्रत्येक बसमधून उतरणारी माणसं बघत बसायची. मला वाटायचं, जलेबीसाठीच जातो. बोटं चिकट व्हायची, तरी तिचा हात धरून ठेवायची मी. कित्ती मजेचे शनिवार.

११ जाने., रवि.
फॉर्मवरचं ‘पाँच’ खोडलं, वर ‘दो’ लिहिलं. खाडाखोडीपाशी एक सही, खाली एक.
कमलाबाईने कागद उलटसुलट करून बघितला. “क्या लिखा दीदी?”
“दो साल.”
“इत्ते ही हुए? मेरे को तो ज़्यादा लगे.”
समितीवाले संध्याकाळी येणार. चालेल का, माहीत नाही. नाही चालला तर मी पण जाऊन उभी राहीन, एवढं ठरवलंय. काय बोलायचं ते नाही सुचलं अजून.
खिडकीतून ठेला दिसतोय. ती इस्त्रीत कोळसे भरतेय.
वही सातव्या नोंदीपर्यंत टाइप झाली, आठवी अर्धीच: ‘सखू विणकरीण, दोन पोरे, जामीन नाही. राहू’