आठ नंबरचा ठिपका

८ फेब्रुवारी

माझं सगळं बदललं ते परवा, ओइकावा-सानांनी फोनवर "तुला सोल्डरिंग येतं ना रे?" असं विचारलं त्या क्षणी. तोवर मी सेंदाईच्या खोलीत डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून होतो. कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, आईशी अबोला. फोन ठेवला, उठलो आणि दाढी केली.

आज बसमधून उतरलो तर ते रबरी बूट घालून थांब्यावर उभे. मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "तो तापट मुलगा तो तूच का? चिनात्सु सांगायची तुझं. मला वाटलं होतं, भांडतोस म्हणजे अंगात काही असेल." मी इतका खूश झालो! म्हणजे ती घरी माझ्याबद्दल बोलायची.

चिनात्सु म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजच्या रेडिओ क्लबात माझ्या एक वर्ष पुढे. शिक्षण संपल्यावर ती इथे वडिलांच्या हाताखाली वाकामेच्या शेतीला आली. खाडीत दोर ताणायचे, त्यांच्यावर हे समुद्री शेवाळ वाढवायचं, थंडी संपता संपता कापायचं. जानेवारीत एका पहाटे ती लहान बोट घेऊन दोर बघायला गेली आणि परतली नाही. बोटही नाही, तीही नाही. लोक काय म्हणतात ते मला ऐकायचं नाही. ओइकावा-सानही ऐकत नाहीत. म्हणून तर मी इथे आहे.

तिने दोन ट्रॅकर घरीच बनवले होते. जीपीएसवरून आपली जागा घ्यायची, पुढे आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओ-नाव, जोडायची आणि थोड्या थोड्या वेळाने रेडिओवरून सोडून द्यायची. मग सगळ्या हौशी रेडिओवाल्यांच्या नकाशावर आपला ठिपका दिसतो. कॉलसाइनच्या शेवटी यंत्राचा नंबर असतो : बोटीवरच्याला आठ, हातातल्याला सात. तिचा आठ नंबर बोटीवर होता, तो तिच्याबरोबर गेला. सात नंबर तिच्या टेबलावर अर्धवट पडलाय. तो मी चालू करायचा, तिच्याच कॉलसाइनवर, आणि तो या घरात कायम चालू राहणार. "दारात दिवा ठेवतो ना, तसा," ओइकावा-सान म्हणाले. "भरकटली असेल कुठे, तर घर दिसायला नको का तिला?"

दुसऱ्याच्या कॉलसाइनवर सिग्नल सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाने सही ठोकणं. यावरून क्लबात मी एकाची कॉलर धरली होती. आज मात्र लगेच हो म्हणालो.

तिच्याच खोलीत माझं अंथरूण घातलंय. खिडकीतून धक्का दिसतो, त्यापलीकडे दोरांचे काळे तरंगते गोळे. गेल्या वर्षी मी तिला मनातलं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "आधी चिडायचं बंद कर, मग विचार." त्यावर मी चिडलो होतो. आता ती आली की शांतपणे विचारणार आहे.

११ फेब्रुवारी

सात नंबर ओरडतो, पण कुणाला कळत नाही. म्हणजे रेडिओवर त्याची ती चर्रर ऐकू येते, रातकिडा डबीत कोंडल्यासारखी, पण लॅपटॉपवर एक अक्षर उमटत नाही. आधी वाटलं आवाज फार मोठा जातोय, फाटतोय. कमी केला. तरी तेच. वायर बदलली, बॅटरी बदलली, टेबलावर मूठ आपटली. शेवटी सापडलं : रेडिओ पुरता जागा व्हायच्या आधीच बोर्ड बोलायला लागत होता, म्हणून दर वेळी पहिले शब्द कापले जात होते. त्याला बोलण्याआधी क्षणभर थांबायला शिकवलं आणि लगेच नकाशावर तिची कॉलसाइन उमटली. मी घरभर नाचलो. जे मला आजवर कुणी शिकवू शकलं नाही, ते मी त्या बोर्डाला शिकवलं.

शेजारच्या शिगे-सान वाकामे उकळायच्या शेडवर काम करतात. त्या डोकावून म्हणाल्या, "कॉलेज बुडवून इथे वायरी चघळायला आलास होय? ये, निदान टोपल्या तरी उचल." उचलल्या. हात अजून आंबट वासाचे आहेत.

इथे दूर गेलेल्या माणसाचं ताट घरात रोज वाढतात. भात, सूप, लोणचं, सगळं त्याच्या नेहमीच्या जागेवर. जेवण झालं की सुपाचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब जमले असले तर माणूस सुखरूप. चिनात्सुच्या झाकणाला रोज थेंब असतात. गरम सुपावर झाकण ठेवलं की थेंब जमणारच, असं मी बोलून गेलो. ओइकावा-सान म्हणाले, "तू मला शाळा शिकवू नकोस. थेंब आहेत ना? मग झालं."

१४ फेब्रुवारी

नवीन घोळ. सात नंबर घरात असून नकाशावर भर समुद्रात दिसतो. ओइकावा-सान हसून हसून खोकले. "तीन पिढ्या आम्ही पाण्याखाली राहतोय आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

दिवसभर बसलो. मापन कुठेही चुकत नव्हतं, पण ठिपका दर वेळी तेवढाच सरकलेला, आग्नेयेला साडेचारशे मीटर. मग सेटिंगमध्ये खोल एका ओळीत सापडलं. आपल्या देशाचे जुने नकाशे वेगळ्या मापावर काढलेले आहेत. आता सगळं नव्या मापावर चालतं. एकाच दगडाला दोन्ही मापांत वेगवेगळे आकडे मिळतात, आणि जुने आकडे नव्या नकाशावर ठेवले की दगड तेवढाच सरकतो. चिनात्सुने ट्रॅकर जुन्या मापावर ठेवला होता. का, ते ओइकावा-सानांनीच सांगितलं. त्यांच्या बोटीत वडिलांच्या वेळचा कागदी नकाशा आहे, त्याच्याशी आकडे जुळावेत म्हणून त्यांनीच तिला तसं करायला लावलं होतं. "नवीन नकाशावर माझे खडक नाहीत," म्हणाले.

नवं माप लावलं. घर जमिनीवर आलं. प्रत्येक सिग्नलच्या शेवटी चार शब्द जोडता येतात. तिचे होते : येतेय, सूप गरम ठेवा. मी ते बदलले नाहीत.

१५ फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती एकाच विचाराने. आठ नंबरही तिनेच बनवलेला. तोही जुन्या मापावर.

ती हरवली त्या दिवशी गस्तीच्या बोटींनी अख्खी खाडी पालथी घातली, पण पाणबुडे उतरले ते शेवटच्या ठिपक्यापाशीच. म्हणजे साडेचारशे मीटर चुकीच्या जागी.

ओइकावा-सानांना सांगितलं, तेव्हा ते मासा साफ करत होते. सुरी खाली ठेवली. हात धुतले. बराच वेळ धुतच राहिले. मग म्हणाले, "माझ्याच नकाशापायी."

१६ फेब्रुवारी

सापडली. बोट तळाशी, दोरांत अडकलेली. ती बोटीतच. मी धक्क्यावर होतो. मला पुढे जाऊ दिलं नाही. बरं झालं. नाही, बरं नाही झालं.

२० फेब्रुवारी

दहन झालं. हाडं वेचताना एक हाड दोघांनी मिळून काठ्यांनी उचलायचं असतं. माझ्या समोर ओइकावा-सान. त्यांचा हात स्थिर होता.

घरी आल्यावर त्यांनी तिचं ताट जेवायच्या जागेवरून उचललं आणि देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे ठेवलं. झाकण न लावता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोही बंद कर आता." तो म्हणजे सात नंबर. मी म्हणालो, का? ते म्हणाले, "दिवा येणाऱ्यासाठी ठेवतात. गेलेल्यासाठी ठेवला तर त्याला वाटतं, आपल्याला बोलावताहेत."

मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही तिला इतक्या लवकर सोडलंत, असंही. ते शेवटी म्हणाले, "ओरडून झालं? जेव आता."

होकार देऊन मी खोलीत आलो. ट्रॅकर बंद केला नाही. दिवा झाकावा तसं त्यावर तिचं स्वेटर टाकलं. तिची कॉलसाइन अजून हवेत आहे. एवढं तरी माझ्याकडे राहू दे.

२४ फेब्रुवारी

दुपारी नकाशावर तिचे दोन ठिपके. सात घरी. आठ खाडीत.

आठ नंबरचा बोर्ड माझ्यासमोर टेबलावर आहे. बोटीतून निघाला तो. तांब्यावर हिरवट गंज, बॅटरी फुगून फुटलेली. सात नंबरच चुकून आठ म्हणवून घेत असेल, असं वाटलं. सातची तार जरा वेळ काढून पाहिली. आठ येतच राहिला. कुणी हरामखोर थट्टा करतोय म्हणून रेडिओवर शिव्या दिल्या. कुणी उत्तर दिलं नाही. हातोडीने बोर्डाचे तुकडे केले.

परत आला. येतेय, सूप गरम ठेवा.

सरकलेलं अंतर वजा करून बघितलं. बरोबर तीच जागा, जिथे बोट होती.

२६ फेब्रुवारी

ती हलतेय. आज दोरांच्या अलीकडे. मी धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. धुकं, उकळत्या कढयांची वाफ, बायकांचा आरडाओरडा. पाण्यावर काही नाही.

खरं सांगतो, मला भीती नव्हती वाटत. मी तिच्यासाठी केस विंचरून गेलो होतो.

२८ फेब्रुवारी

ठिपका धक्क्यावर, म्हणजे वजाबाकीनंतर. मी शेडमधून पाहत होतो. शिगे-सान बोलता बोलता थांबल्या, मान वळवली, पुन्हा टोपली हलवू लागल्या. नंतर म्हणाल्या की कुणीतरी मागून गेल्यासारखं वाटलं, पायांत वाकामेच्या मुळ्या अडकलेल्या असल्यासारखं, ओढत ओढत.

आता वाटते. भीती.

सात नंबर बंद केला. तार कापली. बॅटरी अंगणात फेकली.

१ मार्च

चूक झाली. दिवा विझवला तरी ती थांबली नाही. आठचे शब्द बदललेत : घर दिसत नाही.

ठिपका गल्लीत फिरतोय. वर, खाली, पुन्हा वर. शिगे-सान भल्या सकाळी रडत आल्या. प्रत्येक दाराला कुणीतरी ओला तळहात लावून चाचपत गेलंय, त्यांच्या, पलीकडच्या, सगळ्यांच्या. आंधळ्याने चाचपावं तसं. "ती दार शोधतेय रे," म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही दोघांनी?"

मी बॅटरी शोधून आणली. तार जोडली. तिला असं फिरताना मला बघवलं नाही —

आता ठिपका सरळ येतो.

२ मार्च

आज नवे शब्द. बाबा. एवढंच. बाबा. बाबा.

माझं नाव नाही. एकदाही नाही. इतके दिवस मी तिच्या नावाने हाक मारत होतो, माझं नाव तिला कळणार कसं? आणि कळलं असतं तरी —

ओइकावा-सानांनी लॅपटॉप पाहिला. मी लपवायला गेलो, त्यांनी माझा हात बाजूला केला. अगदी हळू. खुर्चीवर बसले. कपाळ पडद्याला लावलं.

संध्याकाळी त्यांनी ताट देव्हाऱ्यातून काढून पुन्हा जेवायच्या जागेवर मांडलं. झाकण लावलं. मी म्हणालो, दिवा विझवा म्हणालात ते तुम्हीच. म्हणाले, "म्हणालो होतो." मग, "लेकरू दारापर्यंत आलंय. मी दार उघडू नको?"

जेवण झाल्यावर झाकण उचललं. सूप गार होतं. आतून थेंब. त्यांनी एक बोटावर घेऊन जिभेला लावला.

खारट, म्हणाले. आणि हसले.

३ मार्च, सकाळ

रात्रभर ते दारापाशी बसून होते. ठिपका वळणावरच्या पायऱ्यांवर. त्यांनी अंगावर चांगला कोट चढवलाय. तिच्यासाठी लोकरीचे मोजे शेकोटीजवळ ठेवलेत. म्हणतात, ती आली की तिच्याबरोबर जाणार. कुठे ते विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक आहे, मलाही.

तिला घर हवंय. तिला बाप हवाय. मी कोण मधे पडणारा —

पण सकाळी मला चहा देताना त्यांचा हात थरथरत होता. दहनाच्या वेळी थरथरला नव्हता. त्यांना जायचं नाहीये. नको म्हणता येत नाहीये, एवढंच.

दुपार

ती दिव्याकडे येते. घराकडे नाही. दिव्याकडे. हे आत्ता सुचलं. ट्रॅकर आहे तो, हलणाऱ्या वस्तूसाठीच बनवलेला. चालू ठेवून खिशात घातला तर —

ओइकावा-सानांना डुलकी लागलीय, भिंतीला टेकून. मोजे मांडीवर. घोरताहेत. इतक्या दिवसांनी.

बॅटरी भरलेली आहे. अँटेना बाहीत. नकाशावर सात नंबर घरातून निघेल, धक्क्यावर जाईल, पुढे दोरांकडे. आठ मागोमाग. माझी बोट नाही. लागणारही नाही.

शब्द बदलले, पहिल्यांदाच माझे. चिनात्सु, मी आहे. तापट. इकडे ये.

दाराबाहेर कुणीतरी बोटं फिरवतंय. लाकडावर. वरून खाली. ओलं.

आधी मी दार उघडेन. तिच्याकडे बघणार नाही. सरळ चालायला लागेन. दार बाहेरून लावून काठी अडकवेन, म्हणजे ते जागे झाले तरी मागे —

लॅपटॉप चालूच ठेवतो. वही इथेच. निघालो. ओइकावा-सान, दोन्ही ठिपके दोरांपाशी दिसले तर मागे येऊ नका.