उतारावर लावायची गाडी

प्रिय मास्तर,

तुम्ही जाऊन दोन वर्षं होत आली आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला पटत नाही, हे तुम्ही जाणताच. पण आज सकाळी तुमच्या अँबॅसिडरचा चोक ओढला आणि तो तारेसकट माझ्या हातात आला. आता मी ओरडू कोणावर? गाडीला कान नाहीत. सुधीर नागपूरहून आलेला आहे, पण आपल्या लेकाला काही म्हणावं तर तो म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. म्हणजे उरलात तुम्ही.

आणि ओरडण्याखाली आणखी एक गोष्ट आहे. सुधीरने परवा मला एक प्रश्न विचारला. मला त्याचं उत्तर आलं नाही. ते तुमच्याकडेच आहे. तिथवर येते, पण आधी गाडीचं.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही मला या गाडीबद्दल काय सांगितलंत? काही नाही! कारंज्याच्या कापूस दलालाकडून तुम्ही ती घेतलीत तेव्हा सुधीर दुसरीत होता आणि गाडी तेव्हाच म्हातारी होती. ती चालायची, म्हणून मला वाटायचं गाड्या चालतातच. स्वतः स्टेअरिंग धरलं तेव्हा कळलं, तुम्ही ती चालवत नव्हता, तिची समजूत काढत होता.

हॉर्न फक्त स्टेअरिंग डावीकडे वळवलं की वाजतो. म्हणजे समोर म्हैस आली की आधी वळायचं आणि मग तिला कळवायचं. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरलेली असो की कोरडी, तो अर्ध्यावरच. इतकं ठाम मत मी राजकारणातही पाहिलं नाही. टाकीत बांबूची पट्टी घालून ओल किती वर आली ते बघायचं असतं, हे मला शेलूबाजारच्या रस्त्यावर पेट्रोल संपल्यानंतर समजलं. ती पट्टी डिकीतच होती. मी ती तुमची शाळेतली छडी समजून जपून ठेवली होती!

आणि उतार! तुम्ही गाडी कधीही माझ्या सभेच्या दारात लावली नाहीत. कुठंतरी लांब, चढाच्या टोकाला नेऊन उभी करायचात. मी एका हातात कागद, दुसऱ्या हाताने साडी सावरत चालत यायची आणि दरवेळी बोलायची. तुम्ही दरवेळी म्हणायचात, "तेवढंच चालणं होते." मी त्यावरून तुम्हाला हट्टी म्हटलं, विक्षिप्त म्हटलं, एकदा चारचौघांत म्हटलं.

खरं कारण मला सलीमभाईंनी सांगितलं. तुमचे कारंज्याचे मिस्त्री. तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी मी त्यांच्याकडे जाऊन म्हणाले, मला गाडी शिकवा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि कोणाची जास्त कीव करावी ते ठरवता येईना म्हणून हात पुसत उठले. बैलबाजाराच्या मोकळ्या मैदानात पंधरा दिवस शिकवलं. मी क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची आणि मी चिडून पुन्हा किल्ली फिरवायची. ते म्हणायचे, "भाभी, इथं आवाज वाढवून काम होत नाही. पाय हळू सोडा."

तिथंच ते म्हणाले की हिचा सेल्फ पहिल्यापासून कमजोर, म्हणून मास्तर उतार पाहूनच गाडी लावत. सभेच्या दारात चार माणसांना धक्का मारायला बोलवावं लागलं, तर लोक बाईंना हसतील, असं त्यांना वाटे.

लोक मला हसतील! आणि मी तुम्हाला हट्टी म्हणत होते. एका वाक्यात सांगता आलं असतं ना हो? भूमितीचं प्रमेय फळ्यावर पाच वेळा समजावणारा माणूस घरात एक वाक्य का बोलत नव्हता?

आता सुधीरचं. गाडी अजून तुमच्या नावावर आहे. माझ्या नावावर करायची तर त्याच्या संमतीचा सही केलेला कागद आरटीओत द्यावा लागतो. तो कागद सहा महिने त्याच्या बॅगेत होता. सही करायची सोडून त्याने गिऱ्हाईक आणलं. नागपूरकडचा एक माणूस, जुन्या गाड्या लग्नाला भाड्याने देतो. रंग देईल, फुलं लावील, नवरदेव बसवील. सुधीर म्हणाला, "वर्षातून वीस दिवस चालंल आई, बाकी आराम. तुयंही वय झालं. सभा कमी कर, लागलीच तं भाड्यानं गाडी करू."

मी म्हटलं, तू गाडीला एकटीला नाही, आम्हा दोघींना पेन्शनवर बसवून राह्यला.

त्याला कसं सांगू? इंझोरीहून कामरगावला एसटी आहे, पण सभा संपायच्या आत शेवटची निघून जाते. जीप भरल्याशिवाय हलत नाही. भाड्याची गाडी केली की ड्रायव्हर घड्याळ दाखवतो, आणि एखादी बाई सभेनंतर कोपऱ्यात घेऊन सांगायला लागते की सातबाऱ्यावर माझं नाव लावायला दीर नाही म्हणतो, तेव्हा मला तिचं ऐकायचं की हॉर्न ऐकायचा? मला आपल्या वेळेने जायचं आहे आणि आपल्या वेळेने परतायचं आहे. बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे मी गावोगाव सांगत आले. साठी ओलांडल्यावर कुठं मला स्वतःची चार चाकं मिळाली आहेत. ती रडतखडत का चालेनात, माझी आहेत.

आणि इथंच जीभ अडखळते, मास्तर. कारण तीस वर्षं मी हे सांगत होते तेव्हा गाडी तुम्ही चालवत होता आणि मी मागच्या सीटवर बसले होते. मागच्या! पुढच्या सीटचा स्प्रिंग टोचतो, कागद पसरायला जागा लागते, ही माझी कारणं. खरी होती. पण काचेतून बघणाऱ्याला काय दिसत होतं? मागे पुढारीण आणि पुढे तिचा ड्रायव्हर.

अकोल्याच्या त्या दिवसाबद्दल आपण दोघंही कधी बोललो नाही. शाळकरी सुधीरही बरोबर होता. मोठी संस्था, मोठा कार्यक्रम, विषय समतेचा. भाषणाआधी जेवण होतं. पाहुण्यांची पानं आत हॉलमध्ये. एका कार्यकर्त्याने तुमच्या कोपराला धरलं आणि म्हणाला, ड्रायव्हर लोकांचं तिकडं मागं. तुम्ही गेलात. मी दारातून पाहिलं. अध्यक्ष मला काहीतरी सांगत होते, गळ्यात हार होता, आणि मी मनात म्हटलं, आत्ता हाक मारते. हे वाक्य संपलं की मारते. मग मला पान वाढलं गेलं आणि मी बसले.

त्या दिवशी माझ्या भाषणाला जितक्या टाळ्या पडल्या तितक्या पुढे कधी पडल्या नाहीत. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "कर्णा चांगला होता. शेवटचं वाक्य मागपर्यंत ऐकू आलं." तीस वर्षं मी जीव तोडून बोलले आणि तुम्ही अभिप्राय दिलात तो कायम कर्ण्यावर!

परवा कामरगावला बायकांचा मेळावा होता. सुधीर म्हणाला, चल, येतो, बघू तरी ही गाडी तुला कशी नेते. तो मागे बसला. सवय! लहानपणापासून तो माझ्याजवळ मागेच बसत आला आहे. भर दुपार, वैशाख, आणि अर्ध्या वाटेत गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. इंजिनाजवळचा पेट्रोल ओढणारा पंप तापला की ती थांबते. मी बॉनेट उघडलं, पिण्याच्या पाण्यात टॉवेल भिजवला, पंपावर ठेवला आणि निंबाखाली उभी राहिले. सुधीर आत बसून त्या लग्नवाल्याशी फोनवर बोलत होता. मुद्दाम मोठ्याने. गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे, असं सांगत होता.

उशिरा पोचलो. दारात दोन नवी कार्यकर्ती पोरं, मला न ओळखणारी. त्यांनी मागचं दार उघडलं, सुधीरच्या हातात गुलाब दिला आणि त्याला, "या सर, बायका वाट पाहून राहिल्या," म्हणत आत घेऊन गेली. त्याला बोलायलाही वेळ मिळाला नाही. एकजण वळून मला म्हणाला, "काकू, गाडी तिकडं झाडाखाली लावा. ड्रायव्हरलोकाइचा चहा तिकडंच हाय."

मी तोंड उघडलं होतं, मास्तर. त्याला सोलून काढलं असतं. पण मिटलं. गाडी वळवली, उतार शोधला, लावली आणि झाडाखाली जाऊन बसले.

तिथं तिघं होते. एक शेलूबाजारचा जीपवाला, केस पांढरे झालेला. त्याने मला कपात चहा दिला आणि विचारलं, "बाई, कोणाची गाडी चालवता?"

मी म्हटलं, "मास्तराची. इंझोरीच्या."

तो हसला. म्हणाला, "ते आमच्यासंगच बसत. लोकं त्याइले ड्रायव्हर समजत, ते काही म्हणत नसत. आत ओळख करून द्या लागते म्हणत, इथं भाषण नीट ऐकू येते. बाईचं भाषण पाठ होतं त्याइले. आता पाणी पिईल म्हणत, अन् बाई पाणी पीत. आता टेबलावर हात आपटंल म्हणत, अन् आपटे. आमी चहाच्या पैजा लावत होतो."

सांगा, या बाईने आता काय करावं? अर्ध्या वऱ्हाडातल्या जीपवाल्यांना ठाऊक आहे की माझा नवरा माझं प्रत्येक वाक्य ऐकत होता, आणि ठाऊक नाही ते एकट्या मला! मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. अजून आहे. तुम्हाला तिथं बरं वाटत होतं, हे मी मान्य करते. पण तुम्हाला तिथं बरं वाटलं म्हणून मी सुटत नाही. तुम्ही आपण होऊन बसलात ते निराळं आणि अकोल्याला तुम्हाला कोपर धरून नेलं ते निराळं. ते मी पाहिलं आणि गप्प राहिले.

एवढ्यात गुलाब हातात घेऊन सुधीर मला शोधत आला. त्याच्या मागे ती दोन पोरं, चेहरे पडलेले. मी त्यांना काहीच म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

मंचावर गेले आणि तयार करून नेलेलं भाषण केलं नाही. अकोल्याचं सांगितलं. जसं झालं तसं, हारासकट, टाळ्यांसकट. या बाईने समतेवर बोलण्याआधी नवऱ्याला बाहेर जेवायला बसू दिलं, असं सांगितलं. टाळी एकही पडली नाही. मी टेबलावर हात आपटला नाही आणि पाणीही प्यायले नाही. त्या जीपवाल्याची पैज मी बुडवली असणार.

निघताना सेल्फने अर्थातच मान टाकली. पण गाडी उतारावर होती! सुधीर आणि जीपवाल्याने नुसता हात लावला आणि ती घरंगळली. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन सुरू झालं. सुधीर पळत आला आणि चालत्या गाडीत त्याच्या हाताला पुढचंच दार लागलं. बसल्याबरोबर त्याला स्प्रिंग टोचला. मला वाटलं, आता गाडीचं काढील.

तो म्हणाला, "आई, बाबा जेवले होते का त्या दिवशी?"

मास्तर, मला माहीत नाही. एवढी वर्षं मी त्या दिवसाची लाज बाळगली. स्वतःच्या तत्त्वाची, भाषणाची, लोक काय म्हणतील त्याची. तुमच्या पोटात काही गेलं होतं का, हे मी विचारलंच नाही. घरी आल्यावर तुम्ही भाकर मागितली का? आठवत नाही. मी मागच्या सीटवर झोपले होते.

मी सुधीरला म्हटलं, "मले नाही माहीत." त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "मीपण नाही विचारलं. मीबी तं मागंच बसलो होतो."

काल सकाळी त्याने बॅगेतून कागद काढला, सही केली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. लग्नवाल्याला फोन करून नको म्हणाला. वर मला ऐकवलं की गाडी भंगारच आहे, त्याचं मत बदललेलं नाही, आणि निघताना मोबाईल चार्ज करत जा. आज चोक हातात आल्यावर तो हसला. मीच हसले नाही. उद्या सलीमभाईंकडे जाऊन तार टाकून घेईन आणि तिथून कागद घेऊन आरटीओत.

जेवला होता का हो? उत्तर येणार नाही, हे मला कळतं. मी काही भोळी झालेली नाही. पण प्रश्न विचारायचा राहिला होता, तो विचारते आहे.

आणि एक शब्द देते. यापुढे कुठल्याही गावात बोलायला गेले की गाडी लावून आधी मागच्या बाजूला जाईन, गाड्या चालवणारे बसले असतील तिथं. ते जेवले का, ते विचारीन. त्यांची पानं आमच्या पंगतीत लागल्याशिवाय माईक हातात घेणार नाही. आयोजक चिडतील, कार्यक्रमाला उशीर होईल, दोनचार आमंत्रणं कमी येतील. येऊ देत.

तुमची,
कुसुम