चित्र माझ्याकडे, आवाज निलम्माकडे

मी, शिवकन्या, कै. शिवशंकर बिराजदार यांची बायको, वय चौपन्न, धंदा पिठाची गिरणी आणि थोडी शेती, राहणार खजुरी, तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावले नाही, कोणी रडून मागून घेतले नाही. आळंदच्या लेखनिकाने नमुना दिला आहे, तो समोर ठेवला आहे. त्यात "या नश्वर देहाचा भरवसा नसल्याकारणाने" असे लिहा म्हणतो. देहाचा मला भरवसा आहे. गळ्याचा नाही.

येळ अमावस्येला शेताची पूजा करून तिथेच जेवताना भाज्या-डाळींच्या भज्जीचा घास गळ्यात अडकला. वरून आंबील प्याले तेव्हा उतरला. माझी एकुलती मुलगी सौम्या हिने बोट लावून पाहिले तर गाठ. सोलापूरचे डॉक्टर सोमवारी कापणार आहेत. म्हणाले, गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, आवाज जाऊ शकतो, राहूही शकतो. मी म्हटले, एक काय ते सांगा. त्यांनी माझी सही घेतली, सांगितले मात्र काहीच नाही. म्हणून सगळे आजच लिहून टाकते. मी चौथी शिकले. शुद्धलेखन ज्याला बघायचे त्याने बघावे, अर्थ बदलू नये.

कलम १. घर. आमच्या वाटणीचा उगवतीकडचा भाग, न्हाणीसकट, सौम्याला. मधली भिंत कोणाचीच नाही. दोघा भावांनी वाटणीच्या वेळी ती बांधली आणि विटा वाचवायला एका विटेची बांधली. पलीकडे कोणी शिंकले तर मला कळते. सौम्याने ती जाड करू नये.

कलम २. दोन एकर जमीन, बोरमाळ, पाटल्या, बँकेत असेल ते, सगळे सौम्याला. जावई राम याला काही नाही. माणूस वाईट नाही. पण दिवाळीला आला आणि म्हणाला, "मामी, ते जुनं गेमचं मशीन आतून मोकळं करू. नवीन टीव्ही बसवू. हजार गेम येतात एका डबीत." जो माझ्या मशीनचे पोट फाडायला निघाला त्याला मी पेचकससुद्धा ठेवणार नाही.

कलम ३. गिरणी गंगम्माला. ती माझ्याकडे कामाला आहे. पट्टा सुटला की बाकीचे पळतात, ती आधी बटण बंद करते. झाले. याहून जास्त लिहायला मला वेळ नाही, बाहेर ज्वारी घेऊन तिघीजणी उभ्या आहेत.

(दळून आले. पुढे लिहिते.)

कलम ४. आता मशीन. हे नीट लिहिले पाहिजे, कारण सौम्यालाही पूर्ण ठाऊक नाही.

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आमच्या यजमानांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, रेवणसिद्धप्पाने, सोलापूरच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधून नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेमचे मशीन आणले. टेम्पोत उभे बांधून, मध्ये पेंढा भरून. बस स्टँडच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत ठेवले. खेळ असा: डोक्याला कंदील बांधलेला एक बारका माणूस बोगद्यातून चालतो, वटवाघळे मागे लागतात. आम्ही त्याला कंदील्या म्हणायचो. आणि गंमत अशी, कंदील्या चालला तरच गाणे वाजायचे. थांबला की गाणे थांबले. निघाला की जिथे तुटले तिथूनच पुढे. मला एका जागी बसवत नाही असे सगळे म्हणतात, ती खोड मला त्या गाण्याने लावली. थांबले की घर सुनसान होते असे वाटते.

गाणे टेप लावल्यासारखे नव्हते. सोलापूरच्या मेकॅनिकने मागचे दार उघडून दाखवले होते. आत एकावर एक दोन बोर्ड, मध्ये पट्टीची वायर. खालचा चित्र काढायचा, वरचा आवाज. वरच्यावर बोटाच्या पेराएवढा एक काळा तुकडा. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, गाणं यात भरलेलं नाही, हा ते तिथल्या तिथं करतो. याला गळे तीनच. नाणं पडलं, वटवाघूळ ओरडलं, की एक गळा गाणं सोडून तिकडं जातो." मग मी कान देऊन ऐकले. खरेच. नाणे पडले की गाण्यातला खालचा सूर तेवढ्यापुरता गप्प. आमच्या घरासारखेच. दोघे भाऊ आणि निलम्मा बोलत बसायचे, मी तोंड उघडले की कोणीतरी एक गप्प.

निलम्मा म्हणजे रेवणसिद्धप्पाची बायको, माझी धाकटी जाऊ. दुपारी खोलीत पोरे नसली की आम्ही दोघी खेळायचो. ती मशीनची काठी हलवायची, मी नुसती ऐकून सांगायची, "मागं फिर, मागून यायलंय." वटवाघूळ दिसायच्या आधी चिरकते. जे खेळतात त्यांना हे माहीत असते. डोळ्यांनी खेळणारा मरतो.

कलम ५. वाटणी आणि जुने हिशेब.

भाऊ वेगळे झाले तेव्हा शेत मोजले, भांडी मोजली, म्हैस विकून टाकली. मशीन राहिले. दोघेही सोडेनात. पंच हणमंतप्पा. त्यांनी मागचे दार उघडायला लावले, आत वाकून बघितले आणि म्हणाले, "दोन मजले हायत. दोन भाऊ हायत. मग भांडायलाव कामून?" थोरल्याला खालचा बोर्ड आणि काच-काठीसकट पेटी, धाकट्याला वरचा बोर्ड आणि स्पीकर. सुपारी कातरत होते, हातात अडकित्ता होता. तो त्यांनी रेवणसिद्धप्पाच्या हातात दिला आणि त्याने त्याच अडकित्त्याने मधली पट्टी कातरली. सगळ्यांना न्याय झाल्यासारखे वाटले. मी ओरडले, अरे, हे काय कणीस आहे का मोडून खायला. तेव्हा निलम्मा माझ्याकडे बघून चार माणसांत म्हणाली, "अक्का, चित्र तुला बास हाय की. आवाज कशाला लागतोय? तुझं तोंड हाय की."

माणसे हसली. आमचे यजमानसुद्धा हसले.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेली नाही. दोघे भाऊ पुढेमागे वारले. तिचा गेला तेव्हा मी तिच्या दारात उभी राहिले, माझे गेले तेव्हा ती माझ्या दारात उभी राहिली, बोललो नाही.

म्हणून: रेवणसिद्धप्पा वर गेला आहे, त्याचे तिथे बघून घेतले जाईल. माझ्याकडच्या बोर्डाला पट्टीचा अर्धा तुकडा अजून लोंबतो आहे, तो हणमंतप्पांना. त्यांनी तो समोर ठेवून सुपारी कातरावी. यजमानांना हसल्याबद्दल मी माफ केलेले नाही, पण त्यांचा पेचकस, सोल्डरची कांडी आणि पान्हे सौम्याला द्यावेत, रामला नाही.

कलम ६. पत्र्याची खोली दोन महिन्यांत बंद पडली. मुके मशीन कोण खेळणार? पेटी मी घरात आणून मधल्या भिंतीला लावली. दुपारी गिरणी थांबली की मी खेळते. आवाज नाही, म्हणून वटवाघूळ कळत नाही, म्हणून मी मरते. मेले की शिवी देते. मोठ्याने देते, गावाला ठाऊक आहे.

निलम्माच्या बोर्डाला तपासणीचे एक बारके बटण आहे. करंट देऊन ते दाबले की एकेक आवाज ओळीने वाजतो. आधी नाणे, मग वटवाघूळ, मग पडल्याचा, मग जिंकल्याची तुतारी, मग पुन्हा पहिल्यापासून. मी शिवी दिली की पलीकडून आवाज यायचा. एकच. ज्याची पाळी असेल तो. एकदा मी मेले आणि तिकडून जिंकल्याची तुतारी वाजली. मी भिंतीला लाटणे फेकून मारले, पोपडा गेला तो अजून तसाच आहे. इतकी वर्षे मी हेच धरून बसले की ही मला चिडवते.

आता ऐका. कार्तिकापासून माझा घसा बसला आहे. शिवी बाहेर पडत नाही, नुसती हवा येते. आणि तेव्हापासून पलीकडून एकदाही बटण वाजलेले नाही. मी मुद्दाम खेळले, मुद्दाम मेले. काही नाही. ट्यूबलाइट तेवढी घूं करते. मी उठते, गिरणीत जाते, परत येते, पातेली घासलेली असली तरी घासते. ती चिडवत होती की काय करत होती, मला माहीत नाही. पण हे मला सहन होत नाही.

म्हणून लिहून देते. सोमवारी मी टेबलावरच मेले, तर पेटी, काच, काठी आणि चित्राचा बोर्ड हे सर्व निलम्मा, कै. रेवणसिद्धप्पा बिराजदार यांची बायको, हिला द्यावे. अट एकच. तिने तिचा बोर्ड त्याला जोडावा आणि कंदील्याला एकदा तरी पूर्ण बोगदा चालवावा, गाणे शेवटपर्यंत वाजेपर्यंत. नवी पट्टी सौम्याने फोनवरून मागवली आहे, बुधवारी येईल. घ्यायची नसेल तर तसे तिने सौम्याला तोंडाने सांगावे, गप्प बसून नाही.

कलम ७. माझ्या दिवसाला वाजंत्री लावू नये. गिरणी बंद ठेवू नये.

जोड, त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी लिहिली.

साक्षीला हणमंतप्पांना बोलावले होते. आता त्यांना ऐकू कमी येते, म्हणून ते वाचतात तेही ओरडून. मी म्हटले, मनात वाचा. ते म्हणाले, "मनात वाचलेलं मला ऐकू येत न्हाई." पाचव्या कलमाला मान वर करून "पट्टी देणार व्हय मला?" म्हणाले आणि पुढे वाचायला लागले. सहावे कलम त्यांनी अख्खे वाचले, बोर्डासकट, लाटण्यासकट. भिंत एका विटेची आहे हे वर लिहिलेच आहे.

ते सही करत होते तेवढ्यात निलम्मा दारात. डोक्यावरचा पदर नीट नाही, हातात स्टीलचा डबा. आत जुन्या साडीच्या तुकड्यात बोर्ड. तिने डबा पेटीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता हणमंतप्पांना म्हणाली, "मेल्यावर देनार म्हनं ही. जिवंतपनी हात आखडलाय काय हिचा?"

मी म्हटले, "तूच कवा मागितलीस?" आवाज फाटका निघाला.

तिने तेव्हा माझ्याकडे बघितले. "एवढा बसलाय?" म्हणाली. "मला वाटलं खेळायचं सोडलीस तू. रोज दुपारी बटनावर बोट ठिवून बसायले मी. तू शिवी देशील मग दाबावं म्हनून."

"मग तुतारी कामून वाजवलीस त्या दिशी?"

"मला काय ठाऊक कुठला वाजतोय! पाळीनं वाजतोय की तो. आनि तू लाटनं मारलीस. माझी फुलदानी पडली."

हणमंतप्पांना यातले काही ऐकू आले नाही. ते दुसऱ्या साक्षीदाराची जागा दाखवत होते, गंगम्माला बोलव म्हणत होते. निलम्माने पेन ओढून घेतले. तेव्हा मात्र ते ओरडले, "निलव्वा, तू न्हाई! लेखनिकानं सांगितलंय, ज्याला मिळायचं त्यानं साक्ष करायची न्हाई. केलीस तर तुझं सहावं कलम बाद व्हतंय. मशीन मिळत न्हाई तुला."

"बाद व्हऊ द्या," ती म्हणाली आणि वाकून सही करायला लागली.

"नीले, खुळी हायस काय?" मी म्हटले.

"मेलेल्या माणसाचं मशीन घिऊन मी काय करू? मागून वटवाघूळ यायलंय म्हनून कोन सांगनार मला? माझा बोर्ड हितं ठिवलाय. जोडायचा असला तर सोमवारी जा, कापून घे आनि ये."

"आनि आवाजच गेला तर?"

"तर भिंतीपल्याडून कळनार न्हाई मला. हितं यिऊन बसते. मेलीस का न्हाई ते डोळ्यांनी बघते."

असे झाले आहे. सहावे कलम बाद आहे. ज्या वस्तूला वारस उरला नाही तिचे काय करायचे, हे लेखनिकाच्या नमुन्यात कुठे लिहिलेले नाही, मी दोनदा शोधले. म्हणजे ते मलाच सोलापूरहून परत येऊन बघावे लागेल. हणमंतप्पांची पट्टी आजच हातात दिली, म्हणून त्यांची साक्ष चालते. बाकीची कलमे आहेत तशी राहतील. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, पुढे केला तर तो खरा धरावा.

लिहून देणार: शिवकन्या शिवशंकर बिराजदार (सही)

साक्षीदार १: हणमंतप्पा, शेती, खजुरी (सही, पट्टी मिळाली)

साक्षीदार २: निलम्मा रेवणसिद्धप्पा बिराजदार, राहणार भिंतीपलीकडे (सही)

ठिकाण: खजुरी, मधल्या खोलीत, पेटीवर कागद ठेवून
तारीख: ९ जानेवारी २०२५, गुरुवार