टँकरचा नंबर

आबादादा,

तुझ्या दूध सोसायटीच्या टँकरनं चौसाळ्याच्या फाट्यावर माझ्या उभ्या गाडीचं तोंड चेपलं. मी आत बसले होते! टँकरचा विमा संपलेला, म्हणून चेअरमनसाहेब, तू मलाच सांगतोस, "अंजना, क्लेमच्या अर्जात लिही, गाडी लिंबाच्या झाडावर धडकली." लागलं का, एवढं तरी विचारायचं होतंस!

मी अर्जात टँकरचा नंबर लिहिलाबी होता. पण या दुष्काळात तुझा दुधाचा टँकरच आमच्या गावाला पाणी आणतो; पोलिसांनी तो ठाण्यात लावला, तर पाणी कोण आणणार? सासूबाईंनी पहाटंच रांगेत घागर ठेवली हाय.

नंबर खोडला. तुझ्यासाठी न्हाई.

हे पत्रबी टाकत न्हाई. तुला राग आला, तर उद्याची खेप आमच्याकडं यायची न्हाई.

लिंबावर धडकलेली तुझी बहीण,
अंजना